अकलोलीचे ऊन पाणी

मागावर उभे राहून अण्णांचे गुडघे धरले होते. रविवारी त्यांना घेऊन भिवंडीहून एस.टी.ने वज्रेश्वरीजवळच्या अकलोलीला गेलो. तानसा नदीकाठी गरम पाण्याची कुंडे आहेत. खोल मुरलेले पावसाचे पाणी भूगर्भात तापून भेगांतून वर येते. यात चमत्कार नाही. लूमचा खडखडाट नाही, सारे शांत.

अण्णा पायरीवरच थांबले. "आधी त्यांचं होऊ दे." कुणी अडवले नव्हते. लहानपणी गावच्या पाणवठ्यावर थांबायची सवय पायांत राहिली होती.

मी म्हणालो, "अण्णा, २० मार्च १९२७ ला बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्याले, ते कशासाठी?"

अण्णा हसले आणि उतरले. गुडघे अजून दुखतात. पण पुन्हा कधी जायचं, हे आता तेच विचारतात.