सात सागर आणि एक दोन फुटी

फ्रीगंज, उज्जैन
एप्रिल २०२६

प्रिय मित्रा,

तुझा निरोप मिळाला. खिडकीतून भाट्याचा समुद्र दिसतो, तरी तुझ्या घरातल्या खाऱ्या टाकीला हिरवी दाढी फुटली. आणि मी इथे माळव्यात बसून माझी टाकी स्वच्छ कशी ठेवतो, म्हणून तुला नवल वाटतंय. अरे, स्वच्छ कुठली? मागच्या कोपऱ्यात शेवाळ अजून आहे थोडं. पण समुद्राचं म्हणशील, तर उज्जैनला सात सागर आहेत. रुद्रसागर, पुष्करसागर, क्षीरसागर, गोवर्धनसागर, विष्णुसागर, पुरुषोत्तमसागर, रत्नाकरसागर. सातही तलाव, सातही गोडे. आठवा खारा तो आमच्या दिवाणखान्यात, दोन फूट लांब, ८० लिटरचा. त्यात दोन क्लाऊनफिश, थोड्या गोगलगायी आणि माझं तीन वर्षांचं अक्कलखातं.

मी समुद्र पुड्यातून बनवतो. लिटरला साधारण ३५ ग्रॅम मीठ (आमटीतलं नव्हे, मत्स्यालयाचं), म्हणजे अख्ख्या टाकीला पावणेतीन किलोच्या आसपास. तू भाट्याहून कॅन भरून आणतोस. तुझा घोटाळा बहुतेक तिथेच आहे. काजळी नदी तिथेच समुद्राला मिळते. शेतातलं खत, घराघरांतलं सांडपाणी, शेवाळाचे बीजाणू, सगळं घेऊन ते पाणी तुझ्या कॅनमध्ये येतं. समुद्र ते पोटात घेतो. तुझी टाकी कुठून घेणार?

माझीही सुरुवात पाण्यातच चुकली होती. नवी टाकी, आणि आठवड्याभरात वाळूवर, काचेवर तपकिरी साय. मी रोज सकाळी टूथब्रश घेऊन बसायचो. आमची ही म्हणायची, स्वतःचे दात इतके घासले असते तर डॉक्टरचा खर्च वाचला असता. ती साय म्हणजे डायटम. त्यांचं कवच सिलिकाचं असतं. पाण्यातली सिलिका संपली की ती आपोआप ओसरतात. नव्या टाकीत काही आठवडे थांबलं की झालं. माझी मात्र ओसरेनात. मग एकदा टीडीएस मीटर आणून आमच्या आरओच्या पाण्यात बुडवला, तर आकडा ७०! प्यायच्या आरओत चवीसाठी थोडं न गाळलेलं पाणी परत मिसळायची सोय असते, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. माणसाला ते चांगलं. टाकीला म्हणजे रोजचा खुराक. ती चावी बंद केली, पुढे रेझिनची नळकांडी जोडली, आकडा शून्यावर आला. डायटम गेली.

मग आलं तुझ्याकडे आहे तेच, लांब केसांचं हिरवं. इथल्या एका दुकानात गेलो तर दुकानदार म्हणाला, ‘काई है ना अंकल? काई खाने वाली मछली ले जाओ’, आणि गोड्या पाण्यातला सकर पुढे केला. खाऱ्यात तो दिवसभरही जगला नसता. घरी येऊन चाचणी केली, तर नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य. टाकी हिरवीगार आणि अहवाल निर्दोष! दोन दिवस डोकं खाजवलं तेव्हा उजेड पडला: शून्य आहे, कारण सगळं शेवाळानंच खाल्लंय. पाण्यात जे दिसत नव्हतं ते दगडावर उगवून आलं होतं.

आणि ते येत होतं माझ्याच हातून. सकाळी मी खाणं घालायचो, दुपारी ही घालायची, संध्याकाळी नात ‘आजोबा, मासे बघतायत’ म्हणून चिमूट सोडायची. मासे बघतातच, त्यांना दुसरा उद्योग काय? आता दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. बर्फातलं खाणं आधी वितळवून गाळणीवर धुऊन घ्यायचं; त्या पाण्यात फॉस्फेट असतं. दिवा आठ तास. दर रविवारी दहा लिटर पाणी बदलायचं. पण आधी हातानं उपट, लेका. सायफनची नळी एका हातात, ब्रश दुसऱ्यात. सुटलेला प्रत्येक धागा नळीनं बाहेर. नुसतं घासून पाण्यात सोडलंस तर ते चार जागी रुजतं. गोगलगायी मदत करतात, पण त्यांना आखूड शेवाळ आवडतं. बोटभर लांब जंगलात त्या शिरत नाहीत. आणायच्याच असतील तर दुकानातून, आणि टाकीचं पाणी थेंबथेंब देत तास-दीड तास सवय लावून. खारटपणातला फरक त्यांना सोसत नाही. किनाऱ्यावरून प्रवाळाचा तुकडा मात्र उचलू नकोस. २००१ पासून ते वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत.

यानंतरचा मूर्खपणा ऐक, कारण तूही तो करशीलच. हिरवं कमी झालं तसा मला जोर चढला. फॉस्फेट शोषणारी लोहाची पूड फिल्टरमध्ये टाकली, तीन दिवस टाकीवर चादर टाकून अंधार केला, खाणं आणखी कमी केलं. पाणी इतकं स्वच्छ झालं की काच आहे की नाही कळेना. आणि पंधराव्या दिवशी वाळूवर बुडबुडे अडकलेला तपकिरी शेंबूड. दुसरा शब्द नाही. रात्री नाहीसा व्हायचा, दुपारी परत हजर. ते डायनोफ्लॅजेलेट. नायट्रेट-फॉस्फेट शून्यावर गेलं की बाकीचे सूक्ष्मजीव उपाशी मरतात आणि रिकाम्या जागेत हे पसरतात. काही जातींचे तर विषारी. माझ्या तीन गोगलगायी त्यांनीच खाल्ल्या असाव्यात. उपाय काय, तर पूड काढ, पाणी बदलणं थांबव, आणि मासे जरा जास्त जेवव! नातीला मी स्वतः बोलावून चिमूट सोडायला सांगितली. अडीच महिने गेले त्यात. आता नायट्रेट पाचच्या आसपास आणि फॉस्फेटचा किंचित अंश मी मुद्दाम राहू देतो.

एखाद्या दिवशी वाळूवर मखमलीसारखा लालसर पडदा दिसला तर घाबरू नकोस. ते शेवाळच नव्हे, सायनोबॅक्टेरिया आहेत. पृथ्वीच्या हवेत प्राणवायू भरला तो यांच्या पूर्वजांनी, दोनशे कोटींहून अधिक वर्षांपूर्वी. तेव्हा जरा अदबीनं. पाणी जिथे साचून राहतं तिथे ते बसतात. पंपाचं तोंड तिकडे फिरव, पडदा नळीनं ओढून घे. एरिथ्रोमायसिनची गोळी टाक असं सांगणारे भेटतील. टाकू नकोस, टाकी चालते तीच जिवाणूंवर.

माझ्या टाकीत खरा फरक पडला तो शेवाळानंच. मागच्या कप्प्यात किटोमॉर्फा ठेवलंय, भांडी घासायच्या हिरव्या तारेसारखं दिसतं. त्याचा दिवा रात्री जळतो. पुढच्या शेवाळाच्या ताटातलं ते खाऊन टाकतं, आणि महिन्यातून दोनदा मी त्याची मूठभर काढून वाळवतो नि तुळशीच्या कुंडीपासून लांब कचऱ्यात टाकतो. शेवाळ वाढवून पाणी शुद्ध करायची ही युक्ती अमेरिकेत स्मिथसोनियनच्या वॉल्टर अॅडी यांनी मोठ्या टाक्यांवर रूढ केली. फक्त कॉलर्पा घेऊ नकोस, आणि घेतलंस तर समुद्रात टाकू नकोस. १९८४ मध्ये मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाखाली कॉलर्पा टॅक्सिफोलियाचा एक छोटा पट्टा सापडला. पुढे ते भूमध्य समुद्राच्या तळावर हजारो हेक्टर पसरलं. माझ्याकडून सुटलं तर इथल्या क्षिप्रा नदीत मरेल. तुझ्याकडून सुटलं तर भाट्याला जगेल.

क्षिप्रेचं विचारलंस. उन्हाळ्यात रामघाटाच्या पायऱ्या अजूनही हिरव्या होतात. २०१४ पासून नर्मदेचं पाणी आणून सोडतात, म्हणजे पाणी बदलणं चालू आहे. पण इंदूरकडून कान्ह नदीतून जे येतं ते खाणं घालणं. २०२८ च्या सिंहस्थासाठी ते वळवायचं काम चाललंय. माझ्या टाकीला जो हिशेब लागतो तोच तिथे लागणार, फक्त तिथे चिमूट सोडणारे हात फार.

इथे पारा आत्ताच चाळिशीला टेकलाय. टाकीवर छोटा पंखा लावलाय; त्यानं पाणी थंड राहतं, पण रोज दीडेक लिटर उडून जातं. मीठ उडत नाही, म्हणून भर गोड्या पाण्याचीच. तुझ्या दमट हवेत एवढं उडणार नाही, तरी काचेवर पेनानं रेघ मारून ठेव.

१७ मेपासून अधिक ज्येष्ठ आहे. वहिनींना सप्तसागर यात्रा करायचीय ना? मग अवंतिका एक्स्प्रेसनं दोघं या. रुद्रसागराला मीठ वाहतात, ते इथेच मिळतं. तू समुद्राच्या पाण्याचे कॅन आणायचं म्हणतोयस, ते कृपा करून आणू नकोस. तेवढ्या वजनाचा हापूस आण.

तुझा,
उज्जैनकर