ज्या देशात दहावी नसते

आपल्याकडे दहावी ही केवळ एक इयत्ता नसते. ती साऱ्या घराची एक अवस्था असते. त्या वर्षी दूरचित्रवाणी मुकी होते, लग्नकार्याला जाणे टळते आणि पाहुणेसुद्धा येण्यापूर्वी फोन करून विचारतात. हिंगणघाटच्या शाळेत मी बत्तीस वर्षे गणित शिकवले, त्यामुळे अशी पुष्कळ घरे मी जवळून पाहिली आहेत. इंग्लंडमध्ये या अवस्थेचे नाव जीसीएसई. तेथे मुले पाचव्या वर्षीच पहिलीत जातात, म्हणून त्यांची अकरावी म्हणजे वयाने आपली दहावी. त्या अकरावीच्या अखेरीस, मे-जूनमध्ये, आठ-दहा विषयांच्या परीक्षा होतात आणि ऑगस्टमध्ये निकाल लागतो. अभ्यास दोन वर्षांचा आणि परीक्षा शेवटी एकदाच.

माझा नातू लेस्टरला जन्मला आणि तेथेच वाढला. तो त्यांच्या दहावीत, म्हणजे जीसीएसईच्या निम्म्या वाटेवर असताना माझ्या मुलाची कंपनीने न्यू जर्सीला बदली केली. घरात वाद सुरू झाला तो याच मुद्द्यावर, की मुलाला आताच सोबत न्यावे, की जीसीएसई होईपर्यंत वर्षभर लेस्टरलाच ठेवावे?

नातवाचे मत स्पष्ट होते. एका मित्राच्या आईवडिलांनी त्याला वर्षभर ठेवून घेण्याची तयारी दाखवली होती. "आजी, एक वर्ष तर राहिलंय. अर्ध्यावर सोडलं तर दोन वर्षांचं माझ्या हातात काय येणार?" हा प्रश्न त्याने मला इंग्रजीत विचारला होता, पण त्यातली कळ ओळखायला मला भाषांतर लागले नाही. सूनबाईचा कल त्याच्या बाजूने होता. मुलाला शिक्षणासाठी दूर ठेवणे आपल्या समाजाला नवे नाही, असेही घरात बोलले गेले. ते खरेच आहे. कारंज्याचे गुरुकुल १९१८ सालचे. माझे सासरे तेथेच शिकले. परंतु तेथे मुलांना सांभाळण्यासाठी अख्खी संस्था उभी होती. येथे होती ती परक्या घरातील एक खोली आणि भल्या माणसांचा शब्द.

मी गणिताची शिक्षिका, म्हणून आधी हिशेब मांडला. अमेरिकेत दहावीची बोर्डाची परीक्षा नाहीच. नववी ते बारावी अशी चार वर्षांची हायस्कूल असते आणि त्या चार वर्षांत क्रेडिट जमवायचे असतात. न्यू जर्सीत पदविकेसाठी किमान १२० क्रेडिट लागतात. वर्षभराच्या एका विषयाला साधारणतः ५ मिळतात. इंग्रजी चारही वर्षे, गणित आणि विज्ञान प्रत्येकी तीन वर्षे, अमेरिकेचा इतिहास दोन वर्षे. प्रत्येक सत्राचे गुण एका सरासरीत मिसळत जातात आणि महाविद्यालये ती सरासरी पाहतात. त्यातही अकरावीच्या वर्षाला ती अधिक महत्त्व देतात. जीसीएसई करून गेला असता तर नातू थेट त्या अकरावीतच उतरला असता. हाती उत्तम प्रमाणपत्र, पण नव्या शाळेत नाव कमावण्यासाठी जेमतेम दोन वर्षे, आणि त्यातले पहिलेच सर्वांत कठीण. आता गेला तर दहावीत बसेल आणि तीन वर्षे मिळतील. "त्याला आताच न्या," असे मी फोनवर सांगितले. या निर्णयात नुकसान कोणाचे झाले, हे मात्र मी कधी लपवले नाही. नुकसान त्याचे झाले.

त्या ऑगस्टमध्ये मी न्यू जर्सीत होते, त्यामुळे प्रवेशाची धावपळ डोळ्यांनी पाहिली. सरकारी शाळा तेथे विनामूल्य असते. आईवडील कोणत्या व्हिसावर आले यावरून मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच तसा निर्णय दिला आहे. राहत्या पत्त्याचा पुरावा मात्र कसून पाहतात: भाडेकरार, विजेचे बिल. पत्ता ज्या हद्दीत, शाळा त्या हद्दीची. चांगल्या शाळेच्या हद्दीत घरभाडेही त्यामुळे चढे असते. म्हणजे शुल्क नाही, असे म्हणायचे आणि भाड्यातून भरायचे, एवढाच फरक. आपल्यासारखा शाळा सोडल्याचा दाखला कोणी मागितला नाही, आणि इंग्लंडच्या शाळेने दिलाही नव्हता. जिनिंगच्या हंगामात आमच्या गावात मजुरांची कुटुंबे येत, तेव्हा याच दाखल्यासाठी मुले महिना-महिना शाळेबाहेर राहिलेली मी पाहिली आहेत. दाखल्याअभावी प्रवेश अडवू नये, असे आपल्याकडे कायद्यात आले ते २००९ साली.

खरा अडथळा लसींचा निघाला. कुटुंबात कोणी अशा मार्गावर असेल तर त्यांनी हे आधीच पाहून ठेवावे. इंग्लंडमध्ये नातवाच्या वयाच्या मुलांना कांजिण्यांची लस सरसकट दिली जात नव्हती. हिपॅटायटिस-बीची लस तेथील तान्ह्या बाळांच्या नित्य वेळापत्रकात आली ती २०१७ मध्ये. तेव्हा हा प्राथमिक शाळेत होता. किशोरवयातील वर्धक मात्रेत तेथे धनुर्वात, घटसर्प आणि पोलिओ असतो, डांग्या खोकला नसतो. न्यू जर्सीत तो लागतो. लहानपणी कांजिण्या होऊन गेल्या होत्या म्हणून रक्ततपासणीवर भागले, बाकीच्या सुया टोचून घ्याव्याच लागल्या. त्यातच इंग्लंडच्या कागदांवर दिवस आधी, महिना नंतर, अमेरिकेत उलट. एप्रिलमध्ये घेतलेली मात्रा सप्टेंबरची ठरली आणि दोन मात्रांमधील अंतर चुकल्याचा शेरा आला. शेवटी मुलाने प्रत्येक तारखेतील महिना अक्षरांत लिहून नवी यादी दिली.

आणखी एक गंमत. प्रवेश-अर्जात विचारले होते, घरी कोणती भाषा बोलता? माझ्या मुलाने प्रामाणिकपणे लिहिले, मराठी. झाले! लेस्टरला जन्मलेल्या या मुलाला इंग्रजी येते की नाही हे पाहण्यासाठी एका शिक्षिकेने त्याला समोर बसवले. दोन-चार वाक्यांतच ती हसू लागली. आईवडिलांच्या भाषेचे नाव कागदावर लिहिलेले पाहून नातवाला मात्र, का कोण जाणे, बरे वाटले होते.

पण कागद हा प्रवेशाचा वरवरचा भाग. आत कोठे बसवायचे हे गणिताने ठरवले. अमेरिकेत एक वर्ष बीजगणित, पुढचे वर्ष भूमिती, त्यानंतर पुन्हा वरचे बीजगणित, असे विषय सुटे शिकवतात. इंग्लंडमध्ये सारे एकत्र चालते: एका आठवड्यात वर्गसमीकरणे, दुसऱ्यात वर्तुळाचे प्रमेय, तिसऱ्यात सांख्यिकी. त्यामुळे नातवाला दोन्हीतले निम्मे-निम्मे येत होते आणि पूर्ण असे एकही नव्हते. त्याच्या प्रगतिपुस्तकावर 'गणित' एवढाच शब्द आणि एक अपेक्षित श्रेणी. समुपदेशिका सालस होती, पण त्या एका शब्दाचे ती काय करणार? वयाप्रमाणे दहावी, म्हणून भूमिती, असे तिने सुचवले. त्याने वरच्या बीजगणिताचे वर्ष मागे पडले असते आणि बारावीत कलनशास्त्रापर्यंत पोहोचणे अवघड झाले असते.

आपल्या मंडळाच्या अभ्यासक्रमात गणित भाग १ बीजगणित आणि भाग २ भूमिती. मी आयुष्यभर ही दोन पुस्तके वेगळी शिकवली. लेस्टरहून आलेल्या वह्या घेऊन मी चार दिवस स्वयंपाकघरातील टेबलावर बसले आणि प्रत्येक धड्यापुढे भाग १ की भाग २, पूर्ण की अपूर्ण, अशी नोंद केली. बीजगणित भक्कम निघाले. भूमितीत आकडेमोड उत्तम, पण सिद्धता लिहिण्याची सवयच नाही. उत्तर बरोबर, कारण गायब. अमेरिकन भूमितीत कागदाचे दोन रकाने करून डावीकडे विधान, उजवीकडे कारण लिहितात. म्हणजे आपले पक्ष, साध्य, रचना, सिद्धता यांचेच भावंड. मग रोज सकाळी दोन तास आम्ही तेच केले. पहिल्या दिवशी त्याने विचारले, "दिसतंय तर सिद्ध कशाला करायचं?" हिंगणघाटची मुलेही हेच विचारत. शाळेने प्रवेशपूर्व चाचणी घेतली, माझी यादीही पाहिली, आणि भूमिती व वरचे बीजगणित हे दोन्ही विषय एकाच वर्षी घेण्याची परवानगी दिली.

ऐच्छिक विषयांत त्याने सुतारकाम निवडले. त्यालाही तेच ५ क्रेडिट आहेत, हे ऐकून मुलगा हसला. मला हसू आले नाही. हाताने काम करता करता शिकावे, हा विचार गांधीजींच्या अध्यक्षतेखाली १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये आमच्या वर्ध्यातील शिक्षण परिषदेत मांडला गेला आणि झाकिर हुसेन समितीने त्याचा अभ्यासक्रम आखला. मी ज्या शाळेत शिकवले तेथे कार्यानुभवाचा तास बहुधा गणिताला दिला जाई. तो मीच घेत असे.

पहिले तीन महिने वाईट गेले. नातू परीक्षेत पुढे आणि सरासरीत मागे. कारण साधे होते: गृहपाठ दिला नाही तर तेथे शून्य नोंदवतात आणि ते शून्य सरासरीत राहते. शेवटच्या एका परीक्षेवर सारे भरून काढू, ही त्याची इंग्लंडमधली आणि आपल्या सर्वांचीच सवय तेथे चालत नाही. सकाळी वर्गात अमेरिकेच्या ध्वजाची प्रतिज्ञा होई. तो उभा राही आणि गप्प राही. कोणावरही ती म्हणण्याची सक्ती करता येत नाही, असा न्यायालयाचा निर्णय १९४३ चा आहे, त्यामुळे शाळेने काही म्हटले नाही. पण डब्यात भाकरी-चटणी घेऊन एकटा बसणारा आणि प्रतिज्ञेला गप्प राहणारा मुलगा मित्र कोठून आणणार? सुतारकामाच्या वर्गात मिळाले, हे मला जानेवारीत कळले. तेथे दोघांनी मिळून लाकूड धरावे लागते.

पुढच्या ऑगस्टमध्ये लेस्टरला जीसीएसईचे निकाल लागले. तेथे सकाळचे आठ, न्यू जर्सीत पहाटेचे तीन, हिंगणघाटला दुपारचे साडेबारा. मी जेवायला बसत होते. नातवाचा संदेश आला: एकेका मित्राचे नाव आणि त्यापुढे आकडे. ज्यांच्या घरी तो राहणार होता त्या मित्राला गणितात ९ मिळाले होते. मी फोन केला. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मलाही ९ मिळाले असते, आजी." मी म्हटले, "मिळालेच असते." त्यापुढे मला काही सुचले नाही आणि त्यालाही समजूत नको होती. आम्ही दोघे थोडा वेळ तसेच फोन धरून राहिलो.

सध्या तो अकरावीत आहे. पुढल्या वर्षी कलनशास्त्र घेईल. अर्ज अमेरिकेतच करायचा की इंग्लंडमध्येही, हे ठरलेले नाही. इंग्लंडमध्ये स्थानिक दराचे शुल्क मिळण्यासाठी साधारणतः आधीची तीन वर्षे तेथे वास्तव्य लागते, आणि ती अट आता त्याच्याकडून पुरी होणार नाही. हे त्याने स्वतःच शोधून वडिलांना सांगितले. वडील गप्प झाले, तेव्हा त्यानेच विषय बदलला आणि मला विचारले, सुतारकामात केलेला चौरंग पोस्टाने भारतात पाठवायला किती खर्च येईल.