बिनभिंतींची कोठडी

'कोंडणे' हा शब्द मराठीत सहसा चांगल्या अर्थाने येत नाही. गुरे कोंडवाड्यात जातात, मनाचा कोंडमारा होतो. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे पोट मात्र कोंडण्यावरच चालते! तो गोंदिया जिल्ह्यातल्या दरेकसा गावचा; आता मुंबईत पदार्थविज्ञानाचे संशोधन करतो. गेल्या माघात कचारगडच्या यात्रेला गेलो, तेव्हा त्याच्या घरी उतरलो होतो. चहा पुढे ठेवून त्याच्या आईने विचारले, "सर, पोरगा ततं करते तरी काय जी? दोन साल झाले, घरी नाही आला."

आली का पंचाईत! मी मराठीचा मास्तर. पण त्याने एकदा मला सारे समजावले होते.

अणूतले इलेक्ट्रॉन एकेक करून काढून घ्यायचे. जितके अधिक काढावे तितका त्याच्यावरचा विद्युतभार वाढतो आणि तितक्या जोराने तो फेकता येतो. आठ काढले, तर त्याच विद्युतदाबाने आठपट ऊर्जा. अशा भारलेल्या अणूला आयन म्हणतात. इलेक्ट्रॉन काढण्याचे काम दुसरे तापलेले इलेक्ट्रॉन धडका देऊन करतात. एका धडकेत बहुधा एकच निघतो. म्हणजे आयनाने धडका खात काही सहस्रांश सेकंद तरी आत थांबायला हवे. पण भांड्याच्या भिंतीला लागला, की गेलेले इलेक्ट्रॉन तो परत मिळवतो. सारी मेहनत पाण्यात. म्हणून भिंत चुंबकाची. मध्यभागी चुंबकीय क्षेत्र सर्वांत कमी. तेथून कोणीकडेही सरका, ते वाढतच जाते, द्रोणाच्या कडांसारखे. त्यात इलेक्ट्रॉन अडकतात. झोक्याला नेमक्या वेळी हेलकावा द्यावा, तशा सूक्ष्मलहरी त्यांना तापवतात. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत असे १४.५ गिगाहर्ट्‌झचे यंत्र आहे. आणि त्या इलेक्ट्रॉनांच्या गर्दीची ओढ आयनांना धरून ठेवते.

अरगॉन वायूची गंमत पाहा. त्याचा आठवा इलेक्ट्रॉन काढायला सुमारे १४३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट पुरतात. नववा एकदम ४२२ मागतो, कारण तो आतल्या कवचातला. आठवीपर्यंत सुखाने वर चढून नववीत अडणारी मुले आम्हा मास्तरांना काय नवी आहेत?

यातले मी आईला काय सांगणार? एवढेच म्हणालो, "तो अणू कोंडतो. भिंतीवाचून."

त्या क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, "आमच्या कचारगडच्या गुहेत तेहतीस लेकरं कोंडली होती. तोंडावर शिळा. हिरासुका पाटालीरानं किंगरी वाजवली, तवा लेकरायले जोर आला आन् शिळा हलली. तो बिचारा तिच्याखालीच गेला. तुमच्या ततं कोन वाजवते?"

प्रश्न मोठा नेमका होता. त्या यंत्राची तऱ्हा उलटी. सूक्ष्मलहरींचे वाजणे चालू असते तोवर आयन थोडे थोडे गळतात; पण अति भारलेले हवे असतील, तर वाजणे एकदम थांबवायचे! तापलेले इलेक्ट्रॉन निसटतात, ओढ सुटते, आणि आत धरून ठेवलेले आयन एका लोटात बाहेर पडतात. जिनीव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत १९९४ पासून शिशाचे आयन अशाच विझत्या क्षणी पकडले गेले. मी त्यांना म्हणालो, "तिकडे वाजवणे बंद झाले, की लेकरे सुटतात."

"असं हाये का?" कपबशी उचलता उचलता त्या म्हणाल्या. "मंग त्याले सांगा जी, होळीले तरी मशीन बंद कर म्हनाव."