आजीचा पाला आणि भाच्याची कावीळ

कोकण रेल्वेच्या वैभववाडी रोड स्थानकावर उतरलो तेव्हा पावसाची झड चालू होती. समोर सह्याद्रीची भिंत, आणि तिच्यावरून उतरणाऱ्या पाण्याच्या पांढऱ्या धारा. तळेऱ्याहून येणारा रस्ता वैभववाडीतून करूळ घाट चढून गगनबावड्याला आणि पुढे कोल्हापूरला जातो. या दिवसांत लोक इकडे नापण्याचा धबधबा पाहायला येतात. आम्ही आलो होतो एका आजीला भेटायला.

आमच्या आपाचे सासर वैभववाडीजवळच्या एका वाडीत आहे. घरामागे डोंगर आणि रान, त्यामुळे इथे औषध दारातच उगवते. पोट बिघडले की कुड्याची साल उगाळून देतात. पायाला भेगा पडल्या की कोकमाच्या बियांचे तेल चोळतात. अंगावर पित्त उठले की आमसुलाचे पाणी लावतात. मुस्लिम घरांत याला कलौंजी, मध आणि दम केलेल्या पाण्याची जोड असते. आम्हीही याच वातावरणात वाढलो, त्यामुळे या औषधांविषयी आमच्या मनात प्रेम आहे. ते लपवण्याचे कारण नाही.

या प्रेमापायीच दोन वर्षांपूर्वी आमच्या हातून मोठी चूक होता होता राहिली.

लावणीचे दिवस होते. अकरावीतला भाचा आठवडाभर गुडघाभर चिखलात राबला आणि तापाने पडला. चौथ्या दिवशी डोळे पिवळे दिसू लागले. आपाचा फोन आला, तेव्हा आम्ही बेधडक सांगितले, "कावीळ आहे. आजीचा पाला द्या, तेल-मसाला बंद करा, दवाखान्याची घाई नको." शाळेत मुलांना आरोग्याचे धडे शिकवणारे आम्ही हे बोललो.

ही आजी पलीकडच्या वाडीतली. जात-धर्म न बघता सारा गाव तिच्याकडे जातो. ती भुईआवळ्याचा रस देते आणि पैसे घेत नाही. आपाने भाच्याला रिक्षातून तिच्याकडे नेले. आजीने त्याच्या पापण्या ओढून डोळे पाहिले. पिवळेपणाबरोबर डोळे लालही होते. पोटऱ्या दाबल्या तसा तो कळवळला. लघवी किती होते, हेही तिने विचारले. मग हातातला पाला बाजूला ठेवून म्हणाली, "बाये, ह्येका आधी दवाखान्यात ने. रगात तपासा. माझो पालो खंय पळान जाता?"

रक्ततपासणीत लेप्टो निघाला. उंदीर आणि गुराढोरांच्या मूत्रातून हे जंतू शेतातल्या पाण्यात येतात आणि पायाच्या जखमांतून, भेगांतून अंगात शिरतात. आजार वाढला की यकृत आणि मूत्रपिंड दोन्ही धोक्यात येतात. वेळेवर अँटिबायोटिक मिळाले तर माणूस बरा होतो. भाचा आठ दिवस दवाखान्यात राहिला आणि अल्लाहच्या मेहरबानीने उठून घरी आला. आणखी उशीर झाला असता तर मूत्रपिंडे वाचवणे कठीण होते, असे डॉक्टरांनी सांगितले.

लोकांचा पाल्यावर एवढा विश्वास का बसतो, याचा आम्ही नंतर विचार केला. दूषित पाण्यातून होणारी नेहमीची कावीळ बहुतेकांच्या बाबतीत विश्रांती आणि पथ्याने काही आठवड्यांत आपोआप उतरते. त्याच काळात पाला घेतलेला असतो, म्हणून श्रेय पाल्याला जाते. साप उतरवणाऱ्या मांत्रिकाचेही तसेच. चावलेला साप बिनविषारी असला की माणूस जगतो आणि मंत्राचे नाव होते. फुरसे चावले असेल तर मात्र मंत्र म्हणण्यात गेलेला वेळ जिवावर बेततो. तिथे सर्पदंशाची लसच हवी. काही ठिकाणी काविळीवर मनगटाला डाग देतात. कुठे हाताला आंब्याच्या सालीचा रस चोळून चुन्याच्या पाण्यात धुतात आणि पिवळे झालेले पाणी दाखवून 'कावीळ उतरली' म्हणतात. तो नुसता रंगाचा खेळ असतो.

म्हणून वनस्पती खोट्या ठरत नाहीत. हकीम अजमल खान यांचेच उदाहरण पाहा. युनानीचे एवढे मोठे जाणकार, पण जुन्या औषधांची नव्या शास्त्राने पारख व्हावी असा त्यांचा आग्रह होता. त्यांच्या प्रेरणेने दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात रसायनशास्त्रज्ञ सलीमुज्जमान सिद्दीकी यांनी सर्पगंधेच्या मुळीवर काम केले. 1931 मध्ये तिच्यातून वेगळ्या केलेल्या एका द्रव्याला त्यांनी हकीमसाहेबांच्या आठवणीसाठी 'अजमलीन' हे नाव दिले. हृदयाचे ठोके अनियमित होतात, त्यावर ते उपयोगी पडले. पुढे 1949 मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांना सर्पगंधा देऊन त्याचे निष्कर्ष ब्रिटनच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात मांडले. मुळी जुनीच होती. कोणाला, किती आणि कशासाठी द्यायची, हे तपासल्यावर जग तिला मानू लागले.

आपला दीनही हेच शिकवतो. हजरत साद (रजि.) आजारी पडले तेव्हा पैगंबरांनी (स.) त्यांना हारिस बिन कलदा या वैद्याकडे पाठवले, अशी रिवायत अबू दाऊदमध्ये आहे. त्याच संग्रहात असेही आले आहे की, वैद्यकी ठाऊक नसताना जो उपचार करतो, तो होणाऱ्या नुकसानीला जबाबदार असतो. ही जबाबदारी फोनवरून नुस्खे सांगणाऱ्या आमच्यासारख्यांवरही येते. दुआ करावी, दम केलेले पाणीही प्यावे, पण त्यासाठी दवाखान्याची वाट अडवू नये. तवक्कुलच्या नावाखाली आपला आळस आणि अज्ञान लपवणे बरे नव्हे.

या खेपेला भाच्याला घेऊनच आजीच्या अंगणात गेलो. सोबत साखर आणि चहापूड नेली होती, तीही तिने नको नको म्हणत घेतली. आम्हाला बसायला सांगण्याआधीच तिने भाच्याला जवळ बोलावले आणि त्याच्या पापण्या ओढून डोळे पाहिले. मग म्हणाली, "झील बरो आसा."

आम्ही तिला आमची फोनवरची चूक सांगितली. ती हसली. आपल्याला काय जमत नाही ते आधी शिकावे लागते, पाला ओळखणे त्यानंतर, असे काहीसे ती तिच्या बोलीत म्हणाली. लावणीच्या दिवसांत ताप येऊन डोळे पिवळे दिसले की ती आता कोणालाच पाला देत नाही. आधी गावातल्या आशाताईला बोलावणे धाडते. रक्ताचा कागद पाहून डॉक्टरांनी धोका नाही म्हटले, की मगच भुईआवळा खुडायला परसात जाते.