ताऱ्यांचा ताळा

अपोलो ८ हे यान १९६८ च्या २१ डिसेंबरला फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावरून उडाले तेव्हा आपल्याकडे सायंकाळचे ६ वाजून २१ मिनिटे झाली होती. म्हणून गेल्या हिवाळ्यात, त्याच तारखेला आणि त्याच घटकेला, देवघरात सांजवात नुकतीच लागलेली असताना, मी माझ्या टेबलावरील संगणकात तेच उड्डाण पुन्हा आरंभिले. ज्या सिम्युलेटरमध्ये मी हा उद्योग करतो तो ‘ऑर्बिटर’ लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील मार्टिन श्वायगर यांनी २००० साली प्रथम लोकांपुढे ठेवला, आणि पुढे इतर व्यासंगी मंडळींनी त्याला अपोलो यानाची जी जोड दिली तिच्यात, एम.आय.टी.च्या प्रयोगशाळेत त्या काळी लिहिलेली मूळ आज्ञावलीच चालते. काळाचा वेग वाढवून प्रवास लवकर उरकण्याची सोय त्यात आहे. तथापि मूळ मोहिमेचे १४७ तास आपणही १४७ तासांतच काढावयाचे, असा मी निश्चय केला होता. मूळ यानातील बोरमन, लव्हेल आणि अँडर्स हे तिघे अंतराळवीर आळीपाळीने झोप घेत. मी एकटा असल्यामुळे गजर लावून, दोन-दोन तासांच्या डुलक्यांवर, ते सहा दिवस निभावून नेले.

माझी सारी हयात हिशेबाच्या दप्तरात गेली, आणि कदाचित त्यामुळेच असेल, पण चंद्राच्या वाटेवर मला सर्वांत ओळखीची वाटली ती तेथील रोजकीर्द. अमुक तासाला अमुक कळ दाबली, अमुक आकडा उमटला, तो जमिनीवरून आलेल्या आकड्याशी रुजू घातला, फरक इतका निघाला: या नोंदींच्या आधारानेच ते यान ठिकाणी पोहोचते. चंद्राच्या पाठीमागे जाताना संदेशवहन तुटते, त्यानंतर सुमारे १० मिनिटांनी मुख्य इंजिन ४ मिनिटे ७ सेकंद पेटते, आणि अँडर्सने टिपलेला तो पृथ्वीचा उदय तर सर्वांच्या परिचयाचा आहे. त्यांविषयी पुष्कळांनी लिहिले आहे. मला सांगावयाचे आहे ते ताऱ्यांच्या ताळ्याविषयी.

यानाचा रोख जायरोस्कोपांच्या आधारे ठरतो, आणि जायरोस्कोप हळूहळू, परंतु अटळपणे ढळतात. म्हणून काही तासांनी त्यांची तपासणी करावी लागते. यानातील संगणकाशी बोलण्याची भाषा ‘क्रियापद’ आणि ‘नाम’ या दोन कळांची. दोहोंपुढे दोन-दोन अंक घातले की वाक्य पुरे होते, आणि इतक्या तुटपुंज्या व्याकरणावर चंद्रापर्यंतचा सारा व्यवहार चालतो, याचे मला आजही अपार कौतुक वाटते. त्याच्या स्मरणात ३७ ताऱ्यांची यादी आहे. तिच्यातील एक तारा २८ पट मोठे दाखविणाऱ्या सेक्स्टंटच्या मध्यरेषांवर आणावयाचा, श्वास रोखून खुणेची कळ दाबावयाची, मग दुसरा तारा. त्या दोहोंमधील खरे अंतर संगणकाला पाठ असते, आपण मोजलेले अंतर तो त्याच्याशी ताडून पाहतो, आणि मोजणी बिनचूक असली तर पडद्यावर पाच शून्ये उमटतात. पहिल्या रात्री माझा हात इतका कापत होता की शेवटचा अंक ४ च्या खाली येईना. ख्रिसमसच्या दिवसापर्यंत तो १ वर आला. आपल्या रोहिणी, मघा, चित्रा, अगस्त्य, व्याध यांना त्या परक्या यादीत क्रमांक लावून बसलेले पाहिले की सरकारी खतावणीत आपल्या गावचे नाव सापडावे तसे मला होते.

परतीच्या वाटेवर, १०६ तास उलटून गेल्यावर, लव्हेलच्या हातून एक चूक झाली. त्याला तारा क्रमांक ०१, म्हणजे आपल्या उत्तरा भाद्रपदांतील एक तारा, हवा होता. परंतु बोटांनी मागितला कार्यक्रम क्रमांक ०१, जो उड्डाणापूर्वी, तळावर उभे असतानाच चालवावयाचा असतो. संगणकाने तो हुकूम निमूटपणे मानला, आणि पृथ्वीपासून इतक्या दूर असलेले ते यान अद्याप फ्लॉरिडात उभे आहे अशा हिशेबाने रोखाचे सारे आकडे पुसून टाकले. मोहिमेची पुनरावृत्ती करणारे काही सज्जन हा प्रसंग वगळतात. मला ते पटत नाही. मूळ बहीत खोडलेली रक्कम असेल तर नकलेतही ती खोडलेलीच दिसली पाहिजे, नाहीतर ती नक्कल खोटी.

आपल्या घड्याळाप्रमाणे ती वेळ येते २६ डिसेंबरच्या पहाटे पावणेपाचच्या सुमारास. चार दिवस जिवापाड सांभाळलेला रोख स्वहस्ते मोडावयाचा या विचाराने कळेवरचे बोट क्षणभर थबकले, हे मी कबूल करतो. मग ३७ हे क्रियापद घातले, त्यापुढे शून्य आणि एक. कार्यक्रमाच्या चौकटीत ०१ उमटले, आणि यान कोणीकडे तोंड करून आहे हे सांगणारे त्या खोलीत काहीच उरले नाही.

लव्हेलने राजन्य आणि व्याध या दोन ताऱ्यांवरून तो रोख पुन्हा बसविला होता. मी शाल पांघरून गच्चीवर गेलो. गाव निजलेले होते, थंडी कडक होती. नैर्ऋत्येला व्याध अजून चांगला वर होता, आणि त्याच्या उजव्या अंगाला, खाली, पलीकडच्या घराच्या कौलांना टेकेल इतका उतरलेला राजन्य. बोटाने दोहोंमधील अंतर मी हवेतच मोजल्यासारखे केले आणि खाली आलो. सेक्स्टंटमध्ये आधी राजन्य आणला, खूण केली. व्याध इतका तेजस्वी की मध्यरेषा त्याच्यात बुडून जात होत्या, त्याला तीनदा सोडून चौथ्यांदा खूण केली. पडद्यावर आकडा आला: ००००१. तो मी रोजकीर्दीत उतरून घेतला आणि पुढे वेळ मांडली.