दोन निवासी शाळा

स्मरणिकेसाठी लेख मागणारे पत्र मिळाले, तेव्हा आम्ही उभयता कॅनडाच्या उत्तरेकडील युकॉन प्रदेशात मुलीकडे होतो. आम्ही दोघेही याच शाळेच्या वसतिगृहात वाढलो. म्हणून तिकडचा एक प्रसंग येथेच सांगणे उचित वाटते.

व्हाइटहॉर्सहून अलास्का महामार्गाने पश्चिमेस सुमारे दीडशे किलोमीटरवर हेन्स जंक्शन हे छोटे गाव आहे. दुतर्फा स्प्रूस वृक्षांची काळसर अरण्ये आणि समोर हिमाच्छादित पर्वतरांगा. "किती निर्मनुष्य प्रदेश!" असे आमच्या तोंडून सहज निघाले. गावातील 'दा कू' सांस्कृतिक केंद्रात मात्र तो शब्द आम्हांला मागे घ्यावा लागला. दक्षिण तुचोनी भाषेत 'दा कू' म्हणजे 'आपले घर'. हे लोक पिढ्यान्‌पिढ्या याच अरण्यात शिकार आणि मासेमारी करून राहत आले. 1943 मध्ये क्लुएनी परिसर वन्यजीवांसाठी राखीव झाला आणि त्यांना तेथे शिकारीची बंदी झाली. अरण्य मुळात रिकामे नव्हते. कायद्याने ते रिकामे केले होते.

केंद्रात एक वृद्ध आजी कातड्यावर मणी शिवत बसल्या होत्या. बोलता बोलता आम्ही अभिमानाने म्हणालो, "आम्हीही निवासी शाळेचे विद्यार्थी." आजींचा हात थांबला. क्षणभराने त्यांनी विचारले, "तुम्हांला घरी जाऊ देत असत का?"

त्या प्रश्नाचा अर्थ आम्हांला नंतर उमगला. कॅनडात सुमारे दीड लाख आदिवासी मुले अशा शाळांत घातली गेली. शासनाने पैसा पुरवायचा, चर्चसंस्थांनी शाळा चालवायच्या, आणि मातृभाषेत बोलल्याबद्दल मुलांनी शिक्षा सोसायची, अशी ती व्यवस्था होती. युकॉनमधील कारक्रॉसची अशीच एक शाळा 1969 पर्यंत चालू होती. 2008 मध्ये देशाच्या पंतप्रधानांनी संसदेत या साऱ्याची क्षमा मागितली.

आम्ही आजींना आमच्या शाळेविषयी सांगितले. दिवाळीच्या सुट्टीत न्यायला येणारे वडील, बाबासाहेबांच्या प्रेरणेने 1925 मध्ये सोलापुरात उघडलेले वसतिगृह, आमच्याच माणसांनी वर्गणी काढून उभारलेल्या खोल्या. त्या शांतपणे ऐकत होत्या. त्यांच्या समाजानेही वाट शोधली. 1973 मध्ये एलायजा स्मिथ आणि इतर प्रमुखांनी ओटावात पंतप्रधानांपुढे आपल्या हक्कांचे निवेदन ठेवले. त्याचे शीर्षकच होते, 'आज एकत्र, उद्याच्या आपल्या मुलांसाठी'. पुढे करार झाले, स्वशासन आले. आज आजी नातवंडांबरोबर आपली भाषा पुन्हा शिकत आहेत.

परतताना दोघांनाही एकच आठवण छळत होती. आमच्या खोलीत मेळघाटातून आलेला एक मुलगा होता. रात्री तो झोपेत कोरकूत बोले आणि सकाळी आम्ही सारे त्याची नक्कल करून हसत असू. शिक्षकांनी त्याला कधी शिक्षा केली नाही. पण हळूहळू तो आपल्या भाषेत बोलेनासा झाला.

आमच्या शाळेने आम्हांला माणूस म्हणून उभे केले, हे ऋण फिटणारे नाही. तरीही आज वसतिगृहात कोरकू, गोंडी वा पावरी बोलणारे लेकरू आले, तर त्याच्या दोन ओळी प्रार्थनेनंतर सर्वांनी ऐकाव्यात, एवढीच विनंती. आजींच्या प्रश्नाचे आमचे उत्तर तेव्हाच पूर्ण होईल.