पिवळ्या पट्ट्याच्या पलीकडे

मैत्रिणींनो, सकाळी तुम्हाला जाग कशानं येते? कुणाला दूधवाल्याच्या हाकेनं येत असेल, कुणाला नळाला पाणी आल्याच्या आवाजानं. आमच्याकडे ती विमानाच्या घरघरीनं येते. मी चहाचं आधण ठेवते तेव्हा पहिलं विमान छपरावरून जातं आणि मुलांचे डबे भरून होईपर्यंत चार-पाच तरी गेलेली असतात. ही मोठी विमानं नव्हेत बरं का. दोन-चार माणसांची, एका इंजिनाची, शिकाऊ मुलांची.

आमच्या गावाचं नाव मी मुद्दामच लिहीत नाही; त्याचं कारण पुढं कळेलच. गोंदियाजवळ बिरसीला किंवा धुळे जिल्ह्यात शिरपूरला जशी मुलं वैमानिक व्हायला येतात, तशीच ती आमच्या गावाबाहेरच्या विमानतळावरही येतात, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

खरं सांगायचं तर, दीड वर्षापूर्वीपर्यंत मला या विमानांचा नुसता वैताग होता. शाळेत अर्धवेळ मराठी शिकवते. कविता रंगात यावी आणि नेमकं तेव्हाच डोक्यावरून विमान जावं! मग माझी भाची शिकायला आमच्याकडे राहायला आली. दादानं तिच्यासाठी शेताचा एक तुकडा विकला, वर बँकेचं कर्ज काढलं. घरात तिला सगळे चिऊ म्हणतात. चिऊ आल्यापासून प्रत्येक घरघरीला माझं काळीज एकदा वर जातं आणि विमान उतरलं की खाली येतं.

व्यापारी वैमानिकाचा परवाना मिळवायला २०० तासांचं उड्डाण लागतं. त्यातले कितीतरी तास एकाच धावपट्टीभोवती घिरट्या घालण्यात जातात. शेताच्या बांधावरून आपण जशी चौकोनी फेरी मारतो, तशीच ही हवेतली फेरी. धावपट्टीवरून वाऱ्याच्या तोंडी उठायचं, जमिनीपासून साधारण हजार फुटांवर जायचं, वळायचं, धावपट्टीला समांतर उलटं जायचं, परत दोनदा वळायचं आणि उतरायचं. चाकं टेकली की लगेच पुन्हा उठायचं. याला ते सर्किट म्हणतात. एका वेळी अशी तीन-चार विमानं त्या चौकोनात फिरत असतात, आणि बहुतेकांत बसलेलं पोर अजून शिकतच असतं. नव्या सुनांनी भरलेल्या स्वयंपाकघरात एकच शेगडी असावी, तसंच की हे!

"मग ही एकमेकांवर आदळत कशी नाहीत?" सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात विचारलं.

चिऊनं त्यांना टॉवरची गोष्ट सांगितली. तिथं बसलेला नियंत्रक प्रत्येकाला क्रम देतो, कोण पुढं, कोण मागं, कुणी थांबायचं. मधूनच प्रवासी विमान येणार असलं की शिकाऊ विमानांना लांबच फिरत ठेवतात. मोठ्या विमानाच्या पंखांमागे हवेचे भोवरे उठतात, ते लहान विमानाला सहज उलटंपालटं करू शकतात.

"आणि तुमचा तो रेडिओ बंद पडला तर?" सासूबाई काही सोडणाऱ्या नव्हेत.

"तर टॉवरमधून दिवा दाखवतात, आजी. स्थिर हिरवा म्हणजे उतर, स्थिर लाल म्हणजे दुसऱ्याला वाट दे आणि फिरत राहा."

सासूबाईंचं समाधान झालं. माझं मात्र झालं नाही. ८ जुलै २०२५ रोजी कॅनडात स्टाइनबाख गावाजवळ दोन शिकाऊ विमानांची हवेत टक्कर झाली. दोन्ही विमानं उठण्या-उतरण्याचा सराव करत होती आणि प्रत्येकात एकेकच शिकणारं पोर होतं. दोघंही गेले. त्यांतला एक मुलगा आपल्या केरळचा. तिथल्या धावपट्टीला टॉवर नव्हता. वैमानिकांनीच रेडिओवर आपापली जागा सांगायची आणि डोळे उघडे ठेवायचे, अशी पद्धत. विमानांत रेडिओ होते, तरीही त्यांनी एकमेकांना पाहिलं नाही, असं त्या वेळी सांगितलं गेलं. ती बातमी वाचली आणि त्या दिवशी भाजीत मीठ घातलं की नाही, हेही मला आठवेना.

"दिवसाढवळ्या एवढं मोठं विमान दिसत कसं नाही गं?" मी चिऊला विचारलं.

तिनं टेबलावर दोन वाट्या ठेवल्या आणि त्या दोन बाजूंनी एका टोकाकडे सरकवत आणल्या. म्हणाली, "आत्या, जे विमान तुझ्यावर येऊन आदळणार असतं ना, ते काचेत हलतच नाही. एकाच जागी ठिपक्यासारखं राहतं आणि शेवटी एकदम मोठं होतं. आपला डोळा हलणारी वस्तू पटकन टिपतो, स्थिर ठिपका सुटून जातो. शिवाय पंख वर असले तर वळताना वरचं झाकलं जातं, पंख खाली असले तर खालचं. म्हणून नुसतं समोर बघून भागत नाही, मान सारखी फिरवावी लागते."

त्या दिवसापासून गच्चीवर कपडे वाळत घालताना मीही मान फिरवून विमानं मोजते. आमचे हे हसतात. हसू देत!

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसले, ते सांगते. गेल्या हिवाळ्यातल्या एका संध्याकाळी चिऊ आली ती न बोलता खोलीत गेली. जेवायला आली, पण पोळीचे नुसते तुकडे करत बसली. रात्री सगळं आवरल्यावर माझ्याजवळ येऊन म्हणाली, "आत्या, मी आज पट्टा ओलांडला."

धावपट्टीवर जायच्या आधी रस्त्यावर आडवे पिवळे पट्टे असतात, दोन सलग आणि दोन तुटक. सलग पट्ट्याच्या अलीकडे थांबायचं, आणि टॉवरनं परवानगी दिल्याशिवाय चाक पुढं जाता कामा नये. चिऊ त्या दिवशी एकटीच विमानात होती. टॉवरनं तिला तिथं थांबायला सांगितलं. नियमाप्रमाणे तिनं ते वाक्य आपल्या विमानाच्या नावासकट उलट म्हणून दाखवलं. पण तिचं मन आदल्या फेरीतल्या वाकड्या उतरण्यात अडकलेलं होतं. ब्रेक दाबायला उशीर झाला आणि विमानाचं नाक पट्ट्याच्या पलीकडे गेलं.

"तोंडानं म्हटलं आत्या, पण पायानं ऐकलं नाही."

उतरणारं विमान अजून बरंच लांब होतं. काहीच झालं नाही. टॉवरनंही काही म्हटलं नाही, म्हणजे कुणाच्या लक्षातही आलं नसावं.

मैत्रिणींनो, त्यावर मी काय म्हटलं ते लिहायला आज लाज वाटते. मी म्हटलं, "कुणी पाहिलं नाही ना? मग गप्प बैस. उगाच तुझ्या नावावर डाग कशाला? आणि दादाला तर मुळीच कळू देऊ नकोस."

माझ्या डोळ्यांसमोर दादाचं विकलेलं शेत होतं. त्याला कळलं, त्यानं भिऊन शिक्षण थांबवलं, तर? वर्गात चाळीस मुलांना खरं बोला म्हणून सांगणारी मी, घरात हे शिकवत होते.

चिऊ थोडा वेळ गप्प राहिली. मग तिनं मला एक जुनी हकिगत सांगितली, जी त्यांना वर्गात शिकवतात. २७ मार्च १९७७. टेनेरिफ बेटावरच्या विमानतळावर दाट धुकं होतं आणि दोन अजस्र जंबो विमानं एकाच धावपट्टीवर होती. एका वैमानिकाला वाटलं की आपल्याला निघायची परवानगी मिळाली. त्यांच्याकडून काहीसं संदिग्ध वाक्य गेलं, टॉवरकडून 'ओके' आलं. त्यापुढचं 'थांबा' हे सांगणं, त्याच क्षणी दुसरं विमानही बोलल्यामुळे नीट ऐकूच गेलं नाही. ५८३ माणसं गेली. तेव्हापासून रेडिओवरच्या भाषेचे नियम फार कडक झाले. 'टेक-ऑफ' हा शब्द फक्त प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा. थांबा, उतरा, निघा, ओलांडा, असा कुठलाही हुकूम नुसतं 'हो' किंवा 'ओके' म्हणून घ्यायचा नाही, जसाच्या तसा परत म्हणायचा.

"आणि मी तर परत म्हणूनही चुकले," चिऊ म्हणाली. "म्हणजे हे कुणालाही होऊ शकतं. मी गप्प बसले तर उद्या दुसरं कुणी तिथंच चुकेल, आणि तेव्हा उतरणारं विमान लांब नसेल."

ती झोपायला गेली. मला काही झोप आली नाही, कारण माझाही एक पट्टा होता. दोन महिन्यांपूर्वी एका सकाळी यांनी बाहेरून विचारलं, "आईला रक्तदाबाची गोळी दिलीस का?" मी फोडणीच्या धुरात 'हो हो' म्हटलं, न ऐकताच. मग आठवेना म्हणून गोळी दिली. ती मी आधीच दिलेली होती! दुपारभर सासूबाईंना गरगरत होतं. मी त्यांना झोपवून ठेवलं, जवळ बसून राहिले आणि 'उन्हानं झालं असेल' असं सगळ्यांना सांगितलं. डॉक्टरांना फोनसुद्धा केला नाही. देवाच्या दयेनं त्या बऱ्या झाल्या. मी कुणाला बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी चिऊनं आपणहून लेखी कळवलं. चार दिवस तिचं एकटीनं उडणं बंद झालं आणि शिक्षकाबरोबर जादा सराव करावा लागला. ती रडली. पण पुढं काय झालं पाहा. तिचं ऐकून आणखी दोघांनी सांगितलं की, आम्हीही त्याच वळणावर पुढं गेलो होतो, भीतीनं बोललो नाही. मग जाऊन बघितलं तर त्या जागचे पट्टे उन्हापावसानं इतके फिके झालेले, की सकाळच्या तिरप्या उन्हात दिसतच नव्हते. आठवड्याभरात ते नव्यानं रंगवले गेले. चिऊ म्हणते, "माझा उशीर माझाच होता, रंगाला दोष देत नाही." पण ती बोलली नसती तर तो रंग लागला नसता, हेही खरंच.

दादालाही तिनंच फोन करून सांगितलं. मी शेजारी श्वास रोखून उभी. दादा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "सांगितलंस ते बरं केलंस. आता ब्रेक वेळेवर दाबत जा." एवढंच. मी त्याला किती कमी ओळखते, असं वाटून गेलं.

त्याच रात्री मी यांना गोळीचं सांगितलं. हे रागावले, गोळीबद्दल कमी आणि दोन महिने लपवल्याबद्दल जास्त. रागावणं रास्तच होतं. सकाळी सासूबाईंची क्षमा मागितली, डॉक्टरांकडे जाऊन आले. त्यांनी बजावलं की, पुन्हा असं झालं तर वाट बघत बसायचं नाही, लगेच कळवायचं.

आता आमच्याकडे गोळीच्या डबीवर वारांची नावं आहेत आणि नुसतं 'हो' चालत नाही. हे विचारतात, "गोळी दिली?" मी हातातलं काम थांबवून, डबी उघडून म्हणते, "मंगळवारची सकाळची गोळी दिली." सुरुवातीला सगळे हसायचे. परवा सासूबाईंनीच मला अडवलं, "अगं, नुसतं हो काय म्हणतेस? चिऊसारखं सांग!"

हे लिहिताना छपरावरून एक विमान गेलं. चिऊचे अजून बरेच तास बाकी आहेत. भीती गेली असं म्हणणार नाही. पण आता विमानाचा आवाज आला की मी मनातल्या मनात म्हणते, पट्ट्याच्या अलीकडे थांब गं बाई, आणि थांबता आलं नाही तर येऊन सांग.